एकोणतिसावं गुणसूत्र

गाय तीनदा उलटली, म्हणजे वळू दाखवूनही गाभण राहिली नाही, की आमच्या कुंभार पिंपळगावात तिला वांझ ठरवून मोकळे होतात. वळूला कोणी काही विचारत नाही. त्याचा मान गावच्या जावयासारखा.

आमची कपिली तिसऱ्यांदा उलटली, तेव्हा माझा चुलतभाऊ कल्याणदादा आईला म्हणाला की आता हिला बाजार दाखवा. वळू त्याचाच होता. मी जनावरांच्या गुणसूत्रांच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून हट्टाने वळूचं रक्त घेऊन गेले. निकाल येईपर्यंत गाय विकायची नाही, असं आईला बजावलं.

सूक्ष्मदर्शकाखाली दोष लगेच सापडला. सगळ्यात मोठ्या गुणसूत्राला एक चिमुकलं गुणसूत्र चिकटलेलं होतं. ते एकोणतिसावं असेल तर प्रश्नच मिटला, कारण तो दोष जगभर ओळखीचा आहे. अशा वळूपासून गर्भ धरतो आणि बऱ्याचदा सुरुवातीलाच जिरून जातो. पण दादाने वळूच्या बापाचा जुना अहवाल पुढे केला. त्यात दुसऱ्या एका प्रयोगशाळेने ते चिमुकलं सत्ताविसावं, म्हणून निर्धोक ठरवून पैदाशीला परवानगी दिली होती. गाईची लहान गुणसूत्रं दिसायला इतकी सारखी, की पूर्वी ज्याने त्याने आपापल्या तक्त्याप्रमाणे नंबर लावले. त्या तक्तेवाल्यांचा मला आजही संताप येतो.

उपाय एकच होता. एकोणतिसाव्यावरच असतं असं सगळ्यांनी मान्य केलेलं एक जनुक खुणेसाठी घ्यायचं, त्याच्याशी जुळणारा चमकता रंग सोडायचा आणि तो कुठे उजळतो ते पाहायचं. तो रंग परदेशातून मागवावा लागला. यायला उन्हाळा उजाडला.

हिरवे ठिपके त्या चिकटलेल्या तुकड्यावरच उजळले. मी नाचायचीच बाकी राहिले. लगेच आईला फोन लावला आणि सांगितलं, की कपिली चांगली आहे, खोट वळूत आहे. आईने फोन ठेवून दिला.

गावी गेले तर कपिलीची जागा रिकामी. वांझ गाय शेजारी बांधली की चांगली कालवडही बिघडते, असं दादाने आईच्या डोक्यात भरवलं होतं. आमची कालवड माजावर येण्याच्या बेतात होती, आई घाबरली आणि तिने कपिली विकली. दादाने स्वतःच्या दोन उलटलेल्या गाईही व्यापाऱ्याच्या त्याच टेम्पोत चढवल्या होत्या. त्या पुढे कुठे गेल्या, हे आता कोणालाच सांगता येत नव्हतं.

मी दादाला निकाल समजावून सांगितला.  वळू उद्याच खच्ची करतो, असं तो म्हणाला.

"पण गाई कुठनं आणू, अर्पिता?"

 आई भिंतीला टेकून बसली होती.

"दावं सोडून घेतलं तं ती टेम्पोत चढंना," ती म्हणाली. "माह्याकडंच बघून राह्यली व्हती. मंग मीच मागून काठी हाणली. वांझोटी म्हणले अन् हाणली."