गिरणीतली बोली

सोमवारी क्लिफर्डला वृद्धाश्रमात सोडायचं होतं. म्हणून शनिवारी आयव्ही म्हणाली, शेवटचं एकदा त्याला बर्नलीला, आपल्या जुन्या गिरणीत फिरवून आणू. आयव्ही माझी धाकटी बहीण. गाडी तिची, कल्पना तिची आणि रडणंही तिचंच. मला रडू येत नव्हतं. सव्वा वर्ष मी रात्रीतून चार-चार वेळा उठत होते. त्यानंतर माणसाचं काय होतं ते मला विचारा. काही होत नाही. चहा गार असला तरी पिते, गरम असला तरी पिते.

क्लिफर्ड माझा नवरा. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो एक शब्द बोललेला नव्हता. कान तर गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात केव्हाच गेले होते. त्याला किती कळतं, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं की काहीच कळत नाही. तसं ठरवलं की जरा सोपं जातं.

आमच्या गिरणीचं आता संग्रहालय झालंय. वरच्या मजल्यांवर फ्लॅट आहेत. जिथे आम्ही उभ्याउभ्या पाव गिळायचो, तिथे लोक आरामात बसून गाजराचा केक खातात. तळमजल्यावर वीसएक माग तेवढे ठेवलेत. मी आणि आयव्हीने पंधरा वर्षं त्यांच्यावर कापड विणलं. क्लिफर्ड तिथला फिटर. माग बंद पडला की त्याला हाक जायची आणि तो येईपर्यंत आम्ही बायका त्याचा उद्धार करायचो.

दारावरच्या बाई गोड हसल्या. "या, राणी. तुम्ही इथल्याच का?"

"हो. पण तेव्हा आत यायचे पैसे आम्हाला मिळायचे," मी तिकिटं घेत म्हटलं.

जेवायला बसलो. मी क्लिफर्डला मटण-बटाटा भरलेली पेस्ट्री भरवत होते. समोर बसलेल्या आयव्हीने आवाज न काढता, नुसते ओठ ताणून विचारलं, "खोली कुठली दिलीय?"

ही आमची गिरणीतली बोली. मागांच्या आवाजात शेजारणीचंही बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही विणकर बायका ओठांनीच बोलायचो आणि पार काचेपलीकडच्या बाईचे ओठही वाचायचो. सव्वा वर्ष आम्ही दोघी क्लिफर्डच्या डोक्यावरून असंच बोलत होतो. डॉक्टर, लंगोट, वास, सगळं.

"मागची. बॉयलरजवळची," मी ओठांनी सांगितलं.

"उकडेल गं त्याला."

"त्याला काय कळतंय? खुर्चीत त्याला बसवला काय नि उशी ठेवली काय, सारखंच."

आयव्हीने डोळे पुसले. मी क्लिफर्डच्या हनुवटीवरचा रस्सा पुसला.

दोन वाजता त्यांनी माग चालू केले. जमीन थरथरायला लागली, पाहुण्यांनी कानांवर हात दाबले. आयव्ही पुढे जाऊन सुताचा धोटा इकडून तिकडे कसा पळतो ते बघत उभी राहिली. मी क्लिफर्डची चाकांची खुर्ची भिंतीशी नेली आणि त्याच्या समोर उभी राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचे ओठ हलले.

तोंड एका बाजूला ओढलेलं, तरी मला वाचता आलं.

"बॉयलरजवळ बरंय. मला थंडी वाजते."

पंधरा वर्षं हा माणूस त्याच खडखडाटात आमचे माग दुरुस्त करत होता. काय बिघडलंय ते आम्ही त्याला काय चिठ्ठी लिहून सांगत होतो? आणि तरीही ही बोली बायकांची, आमच्या दोघींची, असं मी धरून चालले होते. इतका गाढवपणा मी आयुष्यात दुसरा केला नसेल.

"तुला किती कळतं?" मी ओठांनी विचारलं.

"सगळं. उशीचं नाही आवडलं."

आणि पुढे, "सोमवारी जाईन मी. तू झोप आता."

माग थांबले. त्याचं तोंडही थांबलं, जणू खडखडाटाशिवाय ही बोली बोलायचीच नसते. आयव्ही परत आली, माझा चेहरा पाहून नेहमीसारखी नुसत्या ओठांनी म्हणाली, "काय झालं?"

"मोठ्याने बोल," मी ओरडले. सगळ्यांनी वळून पाहिलं.

माग पुन्हा कधी लावणार, असं मी तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, साडेतीनला. आम्ही तोवर बसून राहिलो. आयव्हीला मी सगळं सांगितलं, आवाजात, त्याच्यासमोर. ती रडली. मी नाही.

साडेतीनला माग सुरू झाले. मी खाली वाकले, तोंड त्याच्या तोंडासमोर धरलं आणि एकेक शब्द ताणून म्हटलं, "जाऊ नकोस. घरी चल."

त्याने ते नीट वाचलं. मग त्याने डोळे मिटले. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की बोलणं संपलं. मी त्याचा खांदा हलवला, गाल थोपटला. माग थांबेपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत.

सोमवारी मी त्याला सोडून आले. आता रात्री नऊला पडते आणि सकाळी सातला उठते. मला लाज वाटते, पण झोप लागते.

परवा भेटायला गेले तर तिथली नवी नर्स त्याच्या खुर्चीमागून पुढे आली, त्याच्याकडे बघत हसली आणि मला म्हणाली, "तुम्ही अगदी मोकळेपणाने बोला हं. बिचाऱ्यांना काही कळत नाही."

क्लिफर्ड तिच्या तोंडाकडे बघत होता.

"बाई," मी म्हटलं, "हे त्याच्याकडे पाठ करून बोला."