काठोकाठ प्याला

मक्पालने 'हो' दाबलं आणि लॅपटॉप दाउलेतकडे ढकलला.

"आता तुझं 'हो'."

नियम साधा होता. सोव्हिएत काळातल्या, सदतीस-अडतीसच्या अटकांचे कागद गावोगावची पोरं टाईप करायची, कुठली दोन नावं एकाच माणसाची ते प्रोग्रॅम सुचवायचा, आणि दोघांनी 'हो' म्हटलं की पक्कं.

स्क्रीनवर दोन ओळी होत्या. ओमार्बेक, गोळी घातली, १९३८. ओमार्बेक, सरकारतर्फे साक्षीदार, १९३७, अकरा खटले.

त्यातला सहावा दाउलेतच्या पणजोबांचा, तोलेगेनचा. त्यांच्याविरुद्ध सही कोणी केली, हे तो दोन वर्षं शोधत होता.

आणि ओमार्बेकची मुलगी समोरच बसलेली. कुल्याश आपा, सत्त्याऐंशी वर्षांची, दोन बस बदलून आलेली. गावात बळींच्या नावांचा दगड बसणार होता. कधी न पाहिलेल्या बापाचं नाव तिला त्यावर हवं होतं. साक्षीदारांची नावं त्यावर घेणार नव्हते.

"काय रे, सापडले का माझे बाबा? का तुझं मशीन पण सरकारी, उद्या या म्हणणारं?"

"बघतोय, आपा."

"बघ बघ. तोवर बाउरसाक खा, सकाळीच तळलेत. वाळलायस नुसता. अशाला मुलगी कोण देणार?"

मक्पाल हसली नाही.

आपाने चहाचा रिकामा प्याला पुढे केला. इतका वेळ दाउलेत तो अर्धाच भरत होता, पाहुण्याला भरतात तसा, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. आता त्याने काठोकाठ भरला. ज्याने उठून जावं असं वाटतं, त्यालाच असा देतात.

आपा प्याल्याकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे.

"तुझ्या घरचं कोणी होतं का त्या कागदांत, बाळा?"

"पणजोबा."

तिने चहाला हात लावला नाही. डोक्याला रुमाल बांधला, बाउरसाकची पिशवी तिथेच ठेवली आणि भिंत धरत धरत बाहेर गेली.

"निदान बसपर्यंत तरी सोडायचंस," मक्पाल म्हणाली.

दाउलेतने 'हो' दाबलं.

एक नाव पक्कं झालं की प्रोग्रॅम त्याच्याबरोबर सह्या करणारी नावं जुळवायला घ्यायचा. पुढची जोडी आली.

तोलेगेन, गोळी घातली, १९३७. तोलेगेन, सरकारतर्फे साक्षीदार, १९३७, तीन खटले.

मक्पालने दोनदा वाचलं. 'हो' दाबलं. लॅपटॉप त्याच्याकडे ढकलला.

त्याचा प्याला रिकामा होता. तिने किटली उचलली. दाउलेत प्याल्याकडेच बघत राहिला.