बेशुद्ध माणसाला वर आणण्याची रीत

दादाला कुणी ‘डायव्हिंग शिकलात कुठे?’ असे विचारले, की तो ‘समुद्रात’ एवढेच उत्तर देई आणि समोरचा खजील होईपर्यंत थांबे. त्याच्या चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायला बसलेल्या गिऱ्हाइकांपुरता हा विनोद बरा होता. धाकट्या बहिणीला तो पाठ होता, आणि त्या आठवड्यात तो तिच्या घशाखाली उतरत नव्हता. कारण रविवारी दादा आपल्या मुलीला घेऊन एका बुडालेल्या मालवाहू जहाजाच्या पोटात शिरणार होता.

मुलगी, घरातली मासोळी, नुकतीच कॉलेजात गेलेली. डायव्हिंगचे पहिले कार्ड हाती येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. वहिनीला पोहता येत नाही, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत तिने एकच अधिकार राखून ठेवला होता : ताईने, म्हणजे ह्याच धाकट्या नणंदेने, हो म्हटले तरच मुलगी जाईल. निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात बांधला की माणूस निर्धास्त होतो, असे मानणाऱ्यांनी त्या दिवसांत वहिनीला पाहायला हवे होते. ती फ्रिज उघडून त्याच्यापुढे उभी राही, आणि तो कशासाठी उघडला हे न आठवल्याने पुन्हा लावून टाकी.

ताईच्या तोंडून हो निघत नव्हते. दादाने रेस्क्यू कोर्स केलेला नव्हता. पाण्याखाली सोबत्याची शुद्ध हरपली तर त्याला वर कसे आणायचे, हे त्या कोर्सात शिकवतात. दादा कित्येक वर्षे समुद्रात उतरत होता आणि त्याच्या सोबतीत आजवर कुणाचीच शुद्ध हरपली नव्हती. ह्या योगायोगालाच तो आपले कौशल्य समजत असे.

“कार्डंच जमवायची तर पत्ते खेळ ना,” तो जेवताना म्हणाला. “त्या मास्तरणीचा धंदा आहे तो. एक कोर्स झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. उद्या चूळ भरण्याचंही सर्टिफिकेट काढतील.”

“मी केलाय तो कोर्स, दादा.”

“म्हणून तर सांगतोय. काय फरक पडला? आधी घाबरट होतीस, आता सर्टिफाइड घाबरट आहेस.”

मासोळी खो खो हसली. वहिनी ताटाकडे बघत राहिली.

तो सर्वस्वी चुकीचे बोलत नव्हता, आणि चीड येण्याजोगी गोष्ट नेमकी तीच होती. ह्या छंदाने स्वतःभोवती एक बाजार वसवला आहे. पायरी चढली की कार्ड मिळते, आणि प्लास्टिकचा तो तुकडा खिशात पडताच समुद्राशी आपली घरोब्याची ओळख झाली असे मानणारे महाभाग ताईने पाहिले होते. परंतु कार्डाची थट्टा करणे हा अभ्यास टाळण्याचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग आहे. बाजारातली पदवी खोटी असू शकते, एवढ्या एका सत्याच्या आडोशाला जगातले किती अज्ञान सुखाने नांदते, याची मोजदाद अद्याप कुणी केलेली नाही.

“ठीक,” ताई म्हणाली. “तलावात करून दाखव. मासोळी बेशुद्ध पडेल, तू तिला वर आण. नीट जमलं तर मी हो म्हणते.”

“एवढंच? अगं, लहानपणी गाडीत झोपली की हिला एका हातानं उचलून घरात आणायचो मी!”

“तेव्हा हवा फुगत नव्हती.”

“तुझ्या डोक्यात मात्र फुगलीये,” दादा म्हणाला, आणि पैज लागली.

पोहण्याच्या तलावाचे खोल टोक प्रशिक्षिकेने, दादाच्या ‘मास्तरणीने’, त्यांच्यासाठी मोकळे ठेवले होते. तिथली हवा ओलसर, क्लोरीनच्या वासाची. फरश्यांवरून प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येई. प्रशिक्षिकेने मासोळीच्या, हवा भरून तरंगवणाऱ्या जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिले.

“एक लक्षात ठेव. नाटक हातापायांचं करायचं, श्वासाचं नाही. वर येताना छातीतली हवा फुगत जाते. श्वास कोंडलास तर फुप्फुसाला इजा होते, एवढ्याशा खोलीतही होते.”

“म्हणजे श्वास घेणारं प्रेत.”

“काहीतरी बोलू नकोस गं,” ताई खेकसली. तिचे तळवे ओले झाले होते, आणि ती अजून पाण्यात उतरलेलीही नव्हती.

प्रशिक्षिका दादाकडे वळली. “जॅकेटमधली हवाही तशीच फुगते. तेव्हा वर येताना तुमच्या जॅकेटची आणि तिच्याही—”

“ठाऊक आहे हो,” दादाने मास्क चढवला.

तिघे खाली गेले. ताई रबरी पोशाखात, पायांत फिन घालून काठावर उभी राहिली. काही कमी-जास्त झाले तर तिने उडी मारायची असे ठरले होते. पाणी स्वच्छ असल्याने तळ दिसत होता. मासोळी फरशीवर आडवी झाली. दादा तिच्या मागे आला, एका हाताने तिच्या तोंडातला श्वासाचा रेग्युलेटर दाबून ठेवला, दुसरा हात तिच्या काखेतून घातला. इतपत सारे देखणे होते. दोघे तळ सोडून वर येऊ लागले.

आणि मग दादाने तेच केले, जे तो इतकी वर्षे प्रत्येक वेळी करत आला होता. काखेतला हात सोडवून त्याने जॅकेटची हवा सोडली : स्वतःच्या.

त्याचा हात एका क्षणासाठीही चुकला नाही. तो नेहमीच्या जागी गेला, नेहमीचे बटण त्याला न बघता सापडले. एकटा माणूस सुखरूप राहावा यासाठी लागणारी सगळी विद्या त्या हातात होती. दादा जड झाला; मासोळीचे जॅकेट फुगतच गेले. ती त्याच्या पकडीतून वर निसटली, आणि त्याच्या मुठीत उरलेला रेग्युलेटर तिच्या तोंडातून उपटून निघाला. प्रशिक्षिकेने झेप घेतली. तिच्या हाती फक्त एक फिन लागला.

मासोळी पृष्ठभागावर आली ती पालथी, तोंड पाण्यात, हात पसरलेले.

ताईला सगळे दिसत होते. कोर्सात शिकवलेल्या क्रमाचे पहिले वाक्यही आठवत होते, पुढचे आठवत नव्हते. ते आठवल्याखेरीज जणू पाण्यात उतरायला मनाई असावी, तशी ती पुढच्या वाक्याची वाट पाहत उभी राहिली. तिच्या पायांना कुणी धरले नव्हते. ते हलले नाहीत, एवढेच.

प्रशिक्षिकेने वर येऊन मासोळीला उताणे केले तेव्हा पोरीने डोळे उघडले आणि खोकत म्हणाली, “झालं का?”

ती अजून नाटकच करत होती.

“छातीत दुखतंय? आवाज काढून दाखव. श्वास कोंडला होतास?” प्रशिक्षिकेने तिला काठावर निजवले आणि ऑक्सिजनची नळी लावली.

“रेग्युलेटर गेला तोंडातून. मग तोंड मिटलं मी.” तिने बापाकडे पाहिले. “हलले असते तर बाबा हरले असते ना.”

रुग्णालयाच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तिघे जण छातीच्या फोटोची वाट पाहत बसले. दार वाजले की वहिनी उभी राही, आणि दार दुसऱ्याच कुणासाठी उघडले आहे असे दिसले की बसे. प्रशिक्षिका भिंतीकडे तोंड करून उभी होती. दादाचे केस अजून ओले होते.

“तलाव म्हणजे काही समुद्र नव्हे,” तो अखेर म्हणाला. “समुद्रात असं झालं नसतं.”

“खरंय,” ताई म्हणाली. “समुद्रात आपण अजून तिला शोधत असतो.”

फुप्फुसे धड होती. रात्रभर लक्ष ठेवा आणि महिनाभर पाणी बंद, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. वहिनीने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मासोळी उशीला टेकून बसली होती. “महिन्यानं मी जहाजावर जाणार,” तिने जाहीर केले. “पण बाबा, तुमच्याबरोबर नाही.”

दादाने कप खाली ठेवला. “मग कुणाबरोबर?”

तिने आत्याकडे पाहिले. घरातले सगळेच तिकडे पाहू लागले.

“माझ्याबरोबरही नाही,” ताई म्हणाली. “मी काठावर उभी होते गं. कार्ड होतं माझ्याकडे. कोर्स केला त्या दिवसानंतर एकदाही सराव केला नाही, आणि काल नुसती उभी राहिले.”

“वा! म्हणजे एकाला येत नाही आणि दुसरीला येत होतं,” मासोळी म्हणाली. “तुमच्या दोघांच्या जिवावर आई मला पाण्यात सोडत होती?”

“सोडत नव्हते,” वहिनी म्हणाली. “ताईंवर ढकलत होते. मला स्वतःला नाही म्हणता येत नव्हतं. आता येतंय. नाही.”

मग दादा उठला, खिडकीपाशी गेला, आणि हट्टी गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेल्या आवाजात फोनवर बोलू लागला.

“मॅडम, तुमची पुढची तुकडी कधी आहे? हो, रेस्क्यूची... नाही नाही, मी नाही, माझी बहीण. तिचं जरा विसरायला झालंय.” त्याने मागे वळून पाहिले. वहिनीची नजर त्याच्यावरून हटलेली नव्हती. “दोघं,” तो म्हणाला. “दोन जागा धरा.”