वरच्या फळीवरची बाटली

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, आणि मित्रांनो, खरं सांगते, मी अगदी वैतागून गेले आहे.

सुताराने मला घडवलं ते शिवणयंत्रापुढे बसण्यासाठी. अठ्ठावीस वर्षं आजी माझ्यावर बसून लोकांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे शिवत होती. "ही खुर्ची आहे म्हणून माझी कंबर शाबूत आहे," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मग तिची नजर अधू झाली, यंत्र विकलं गेलं आणि माझी रवानगी स्वयंपाकघरात झाली. तिथे माझ्यावर कोणी बसत नाही. चढतात!

या घरात औषधं सगळ्यात वरच्या फळीवर ठेवतात. नात रांगत होती तेव्हाची ही पद्धत. आता ती नात दाराच्या चौकटीवर डोकं आपटून घेते इतकी उंच झाली, पण औषधं आपली वरच.

दोन वर्षांपूर्वी आजीची हाडं ठिसूळ झाल्याचं कळलं. तिने लगेच बहिणीला फोन लावला. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोयाबीनमध्ये काही घटक असतात, त्यांनी हाडांची झीज कदाचित कमी होते. पक्कं अजून सांगता येत नाही म्हणे. पक्कं एवढंच, की पडू नका. मी लगेच गोळ्या आणल्या बघ!"

आणल्या, आणि ठेवल्या कुठे? वरच्या फळीवर! म्हणजे हाडं मोडू नयेत म्हणून ही बाई रोज सकाळी माझ्यावर चढणार. मला कपाळ असतं तर हात मारून घेतला असता. माझ्या मागच्या डाव्या पायाचा स्क्रू केव्हाच गळून पडलाय. ती चढली की मी जीव खाऊन ओरडते, कुर्रर्र! ती गुडघा चोळते, सुस्कारा टाकते आणि बाटलीकडे हात लांबवते. नातीला सांगावं, तर नाही. "तिला कशाला त्रास?"

गेल्या आठवड्यात माझा पाय सटकलाच. आजी फळीला लोंबकळली, बाटली फुटली, गोळ्या घरभर झाल्या. नात तोंडात ब्रश तसाच ठेवून धावली आणि तिने आजीला कमरेला धरून अलगद खाली उतरवलं. मग तिने मला उलटं केलं.

"आजी, या पायाला स्क्रूच नाहीये! किती कुरकुरत असेल ही, तुला ऐकू नाही आलं?"

आजी वाकून माझ्या पायाकडे बघू लागली. "ते हिचं होतं?" ती म्हणाली. "अगं, मला वाटलं माझाच गुडघा वाजतोय. म्हणून तर एकही दिवस गोळी चुकवली नाही!"

आता मला नवा स्क्रू बसलाय. नवी बाटली मिठाच्या डब्याशेजारी असते आणि आजी माझ्यावर बसून गोळी घेते. गोळीने काय होईल ते डॉक्टरीणबाई जाणोत. पण मित्रांनो, तुमची आजी खुर्चीवर चढताना दिसली, तर आधी तिला उतरवा, हवं ते काढून द्या आणि मग खुर्ची उलटी करून बघा. आम्ही उगाच कुरकुरत नाही हो.