कंपनीचा पहिला हंडा

मी एक जुना बिडाचा हंडा आहे. मित्रांनो, दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात ग्वाक कंपनीच्या वीस मजली इमारतीत, लिफ्टसमोर, तांबड्या मखमलीवर मी बसलेला असतो. सहलीला आलात की तुम्ही माझ्याबरोबर फोटो काढता. पण माझ्यात काय शिजायचं, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

कंपनीचा मालक ग्वाक इक्सू तरुण असताना बंदरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रबरी बूट करायचा. खेड्यांतून आलेल्या मुली बुटांचे तळवे चिकटवायच्या आणि ओकबुनमावशी माझ्यात त्यांच्यासाठी सातूचा भात शिजवायची. तळाची खरपुडी निघाली की भांडण ठरलेलं. इक्सूही वाटी घेऊन रांगेत असायचा आणि मावशी त्याला अडवायची.

“मालक, काल तुम्ही खाल्लीत. आज सुनजाची पाळी.”

“मालकाला काही मान आहे की नाही, ताई?”

“आहे ना. म्हणून तर रांगेत उभं राहू दिलं.”

जेवणं उरकली की मावशी मला घासून तिळाच्या तेलाचा हात फिरवायची. गंज काय असतो ते मला ठाऊकच नव्हतं.

बूट अमेरिकेला जाऊ लागले, शेडचा कारखाना झाला. मुली पगारवाढ मागायला गेल्या की इक्सू म्हणायचा, “आपण एका हंड्यातलं जेवतो. घरच्या माणसांत हिशेब कसला?” मुली तशाच परतायच्या आणि मी मात्र फुगून जायचो.

बुटांच्या पैशांतून पुढे जहाजं झाली, टीव्ही झाले, विमा कंपनी झाली, हॉटेल झालं. कँटीनमध्ये भात वाफेवर शिजू लागला. मावशी घरी बसली आणि मी मागच्या अंगणात गंजत पडलो. कंपनीच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाला साहेबलोकांना माझी आठवण झाली. त्यांनी मला खरवडून आतबाहेर काळा चकचकीत रंग चढवला आणि इथे आणून बसवलं.

मग बुटांचं काम इंडोनेशियात स्वस्तात होऊ लागलं. पहिलाच कारखाना बंद करायचं ठरलं. चाळिशी ओलांडलेली सुनजा आणि तिच्या मैत्रिणी काम वाचावं म्हणून ऐन थंडीत माझ्यासमोर फरशीवर येऊन बसल्या. त्या उपाशी आहेत असं कळताच ओकबुनमावशी सातूचं पोतं घेऊन आली. पहारेकरी तिला माझ्याजवळ येऊ देईना. तेवढ्यात इक्सू लिफ्टमधून उतरला.

“मालक, पोरी उपाशी आहेत. हंडा द्या.”

“न्या, ताई,” तो हळूच म्हणाला. “तुमचाच आहे.”

बाहेर चूल पेटली. मला वाटलं, आता माझ्या जन्माचं सार्थक होणार. पण आच लागताच रंगाला फोड आले, काळे पापुद्रे भातात सुटले, उग्र वास पसरला. मावशीचं मन राखायला सुनजाने एक घास तोंडात घातला, पण तिला तो गिळवेना.

“नुसतं तेल लावून ठेवला असतात, मालक,” मावशी म्हणाली, “तरी चाललं असतं.”

इक्सू लिफ्टकडे वळला. कारखान्याला कुलूप लागायचं ते लागलंच, आणि मला पुन्हा रंग लागला.

मित्रांनो, ज्याने तुम्हाला पोसलं त्याला सजवून कोपऱ्यात बसवू नका. त्याला घासा, तेल लावा, त्याला कामात ठेवा. त्या दिवशी मी शिगोशीग भरलेला होतो आणि माझ्या पोरी उपाशी घरी गेल्या.