ब्रदर क्लाइव्हचे चिकटणारे ठोकळे

पोर्ट पिरीच्या फुटबॉल क्लबचा हॉल या रविवारी सकाळी नऊलाच भरला. खुर्च्या संपल्या, तेव्हा लोक बिअरचे क्रेट उलटे करून बसले. मंचावर प्रार्थनेने आजार बरे करणारा ब्रदर क्लाइव्ह उभा. हातात काडेपेटीएवढे दोन चकचकीत पोलादी ठोकळे.

"चुंबक नाही, डिंक नाही. कोणीही येऊन तपासा. ज्याचा विश्वास निर्मळ, त्याच्यासाठी पोलादसुद्धा पोलादाला मिठी मारतं."

त्याने ठोकळे म्हाताऱ्या मर्व्हच्या डोक्यावरून ओवाळले, एकावर एक सरकवले आणि वरचा उचलला. खालचा लोंबकळत राहिला. बायका रडायला लागल्या.

"बरा झालास, मर्व्ह. टाक त्या हृदयाच्या गोळ्या." मर्व्हने गोळ्यांची बाटली मंचासमोरच्या बादलीत टाकली.

माझी शेजारीण नोएलीन पुढच्याच रांगेत होती. त्याआधीच्या रविवारी तिच्या नवऱ्यासाठी, डॅरिलसाठी, ठोकळे असेच चिकटले होते. तिने घरी जाऊन त्याचं इन्सुलिन कचऱ्यात टाकलं. बुधवारी तो ओकायला लागला. क्लाइव्ह घरी आला, ठोकळे जोडायला गेला, तर ते खणकन पडले. "या घरात कुणीतरी संशय घेतलाय," तो तिच्याकडे बघत म्हणाला. गुरुवारी डॅरिल गेला. मला कळलं ते अॅम्ब्युलन्स दारात आल्यावर. आपल्या संशयाने नवरा मेला असं धरून नोएलीन आता माफी मागायला आली होती.

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मी गॅरेजात धातू कातायच्या जुन्या यंत्राशी, लेथशी, झटापट करते. माझा पहिला दांडा वाकडा झाला, दुसरा भंगारात गेला. पण लेथबरोबर अचूक मापं तपासायच्या पोलादी ठोकळ्यांची पेटी आली होती आणि त्यांची खोड मला पहिल्याच आठवड्यात कळली. ते इतके सपाट घासलेले असतात, की स्वच्छ पुसून, किंचित पीळ देत एकमेकांवर सरकवले की घट्ट चिकटतात. मध्ये साधा धागा आला तरी पडतात.

ती पेटी मी पिशवीतून बरोबर आणली होती; ती घेऊन मी मंचावर चढले.

"ब्रदर, मी देव मानत नाही. तुम्हाला तर मुळीच नाही. आता बघा." ठोकळे मनगटावर पुसून सरकवले. चिकटले.

"सैतानालाही नक्कल जमते," क्लाइव्ह हसत म्हणाला.

"नोएलीन, वर ये," मी म्हणाले. "बुधवारी यांनी ठोकळे कशाने पुसले?"

"त्या मखमली रुमालाने. पवित्र करायला."

"आणि आधीच्या रविवारी?"

"मनगटावर."

मी क्लाइव्हच्या खांद्यावरचा रुमाल ओढला आणि माझ्या ठोकळ्यांसकट तिच्या हातात दिला. तिने पुसले, सरकवले. पडले. मग मनगटावर पुसले. चिकटले.

"रुमाल लव सोडतो," मी हॉलला सांगितलं. "ज्याला दोषी ठरवायचं, त्याच्यासाठी रुमाल." क्लाइव्ह मागच्या दाराने सटकला. त्याला अडवायचंही कुणाला सुचलं नाही.

"म्हणजे माझ्या संशयाने नाही गेला?" नोएलीनने विचारलं.

"नाही गं."

तिचा चेहरा मोकळा झाला. मी तिथेच थांबू शकले असते. पण मर्व्हची बाटली अजून बादलीतच होती.

"इन्सुलिन नव्हतं म्हणून गेला," मी म्हणाले.

ती हातातल्या ठोकळ्यांकडे बघत राहिली. "ते मी टाकलं. शंका आली होती, ग्लेनिस. दोनदा कचऱ्यातून काढलं होतं मी ते. मग शंकेचीच लाज वाटली."

"त्या शंकेचं ऐकलं असतंस, तर डॅरिल आज जिवंत असता."

मर्व्ह वाकून बादलीत हात घालत होता. नोएलीन मंचावरच खाली बसली. तिला उठवायला गेले, तर तिने माझा हात झटकला.

मला निर्दय म्हणा, शहर म्हणतंच आहे. डॅरिलचे अंत्यसंस्कार मंगळवारी आहेत आणि तिने मला येऊ नकोस म्हणून सांगितलंय. तरी मी परत तेच बोलेन. कोणी औषध टाकायला सांगितलं, की आधी त्याला म्हणा, हे कसं घडतं ते दाखव. आणि मनात शंका आली तर तिची लाज धरू नका. नोएलीनच्या घरात शहाणी अशी तेवढी शंकाच होती.