शेवटची वडी

आमच्या मिनेसोटात चर्चच्या जेवणाला घरून आणलेल्या ट्रेमधला शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. घेतला म्हणून तुरुंगात टाकत नाहीत, पण बघतात. मग एक जण येतो, त्याचा अर्धा कापून नेतो. दुसरा उरलेल्याचा अर्धा नेतो. शेवटी नखाएवढं काहीतरी उरतं आणि ट्रेबरोबर घरी जातं. वाढायला कुणी आलं तर दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. चौथ्यांदा विचारणं म्हणजे गावंढळपणा. मी पन्नास वर्षं या रीतीत काढली आणि मला तिचा अभिमान होता. माझ्या मुलीचा आजार याच रीतीआड वर्षभर मजेत लपून बसला.

ब्रिटा सोळा वर्षांची. स्कीच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरायची. आधी तिचं गोड सुटलं, मग पाव, मग जवळजवळ सगळंच. ताटातले वाटाणे ओळीत लावायची आणि तसेच ठेवायची. घरात तीन स्वेटर घालून बसायची. मैत्रिणींचे फोन घेणं बंद केलं. मात्र आमच्यासाठी केक करायची, समोर बसून आम्हाला खायला लावायची आणि स्वतः चमचासुद्धा चाटायची नाही. माझी आई आर्डिस कौतुकानं म्हणायची, "काय शहाणी पोर आहे. सगळं दुसऱ्याला देते." मीही मान डोलवायचो. भीड भिकेची बहीण म्हणतात, आमच्या घरात ती उपासमारीची आई झाली होती.

ऑक्टोबरात सरावाच्या वेळी ती चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, आणखी उतरली तर भरती करावं लागेल. नाहीतर उपचार घरीच, आईबापांच्या हातून. त्यांनी आम्हाला नोरीनबाईंकडे धाडलं. त्या मानसोपचार करतात. त्यांनी सांगितलं, घरून जेवण घेऊन या आणि माझ्यासमोर बसून जेवा.

माझी बायको कार्ला बटाटा घालून ओव्हनमध्ये भाजलेलं खिम्याचं हॉटडिश घेऊन आली. ब्रिटानं दोन घास खाल्ले आणि काटा ठेवला.

"अजून थोडं घेतेस?" मी विचारलं.

"नको बाबा."

"थोडंसं?"

"नको. खरंच पोट भरलंय."

"एवढंसं तरी?"

"नको म्हटलं ना."

मी डाव खाली ठेवला.

"थांबलात का, लाइल?" नोरीनबाईंनी विचारलं.

"तीनदा विचारलं की हो."

त्या हसल्या नाहीत. "नको म्हणाला तो आजार. तुमच्या मुलीला तो बोलूच देत नाहीये. त्याच्याशी कसली आलीय सभ्यता? विचारू नका. वाढा."

मला राग आला. बाईंचाही आला आणि स्वतःचा तर फारच. मग मी वाढलं.

तो हिवाळा आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. दिवसातून तीन जेवणं, दोनदा मधलं खाणं, प्रत्येक वेळी कुणीतरी तिच्या शेजारी. मी गावातल्या रस्त्यांवरचा बर्फ काढतो. सकाळी अर्ध्या फेरीतून गाडी वळवून घरी यायचो, तिचं ताट संपेपर्यंत बसायचो आणि परत जायचो. लोकांनी तक्रारी केल्या, खुशाल करा म्हटलं. दुपारी कार्ला तिला शाळेतून गाडीत बोलवून जेवायला घालायची. दवाखान्यात ब्रिटा वजनकाट्यावर पाठ करून उभी राहायची, आकडा तिला कळू द्यायचा नाही असं ठरलं होतं. एकदा तिनं वाटी भिंतीवर मारली. "तुम्ही मला जाड करताय," ती ओरडली. कार्लानं भिंत पुसली आणि दुसरी वाटी भरली.

जानेवारीत एकदा खाता खाता ती हळूच म्हणाली, "मला भूक लागते, बाबा. पण लागली की आतून कुणीतरी म्हणतं, लाज नाही वाटत? तू वाढतोस तेव्हा बरं असतं. तेव्हा माझी चूक नसते."

मी आणखी एक पॅनकेक तिच्या ताटात टाकला.

"एवढं नव्हतं म्हटलं मी," ती म्हणाली, पण खाल्ला.

मार्चमध्ये नाडी ठीक झाली आणि भरती टळली. माझा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला टांगणीला होता, कारण वाढलं तर ती खायची, स्वतः कधी हात पुढे करायची नाही. आता जन्मभर मी तिच्या मागे डाव घेऊन फिरणार का? नोरीनबाई म्हणाल्या, "तिला काहीतरी हवंसं वाटू दे. घाई करू नका."

एप्रिलमधल्या एका रविवारी चर्चच्या तळघरात जेवण होतं. आर्डिसनं लिंबाच्या वड्या आणल्या होत्या. जेवणं आटोपली आणि ट्रेमध्ये एकच वडी उरली. आमचा शेजारी व्हर्न सुरी घेऊन अर्धी करायला आलाच होता. तेवढ्यात ब्रिटा त्याच्या बगलेतून पुढे झाली, अख्खी वडी उचलली आणि उभ्याउभ्या चावा घेतला.

सगळे बघायला लागले. व्हर्न सुरी धरून तसाच.

"अगं, शेवटची होती ती," आर्डिस म्हणाली.

"माहीत आहे, आजी," ब्रिटा भरल्या तोंडानं म्हणाली. "मला हवी होती."

मी कॉफीच्या पिंपाकडे तोंड करून उभा राहिलो आणि रडलो. कार्ला येऊन शेजारी उभी राहिली. माझ्या कपातून कॉफी बाहेर सांडत होती, तिनं नळ बंद केला.

परतताना ब्रिटा मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसली होती. चेहरा उतरला होता.

"आत बडबड चालू झाली?" मी विचारलं.

"हो. चांगलीच."

"काय म्हणते?"

"नेहमीचंच." मग ती म्हणाली, "बोलू दे. वडी तर गेली पोटात."

आर्डिस तिच्या शेजारी ट्रे मांडीवर घेऊन बसली होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो रिकामा घरी चालला होता. तिनं कडेला चिकटलेला चुरा बोटानं टिपला, तोंडात टाकला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी दोन ट्रे करीन."

"नको" कुणीच म्हणालं नाही.